बोर्डाची मजुरी

साळुंखे विहारच्या मागच्या गल्लीत
पंक्चरवाला आणि इस्त्रीवाला यांच्या मधे
चार टेबलं मावतील एवढी जागा.
पाचवं मांडलंय,
म्हणून दार अर्धंच उघडतं.

बोर्ड मी रंगवला.
आता कोण रंगवून घेतं? फ्लेक्स तासाभरात येतो,
वाढदिवसाच्या दादांसकट.
पण बाईंना ब्रशचंच अक्षर हवं होतं
आणि पैसे नव्हते.
बारा जेवणांवर सौदा ठरला.

कागदावर त्यांनी नाव लिहून दिलं.
मधे इंग्रजी ई, उलटा, दोनदा.
म्हटलं, हे काय, झुरळ उताणं पडल्यासारखं?
त्यांनी तोंड रुंद करून म्हणून दाखवलं.
अहो, हा तर आमच्या बॅटमधला, बँकेतला!
ह्याला आम्ही चंद्र देतो.
"दोन द्या," सेविंजबाई म्हणाल्या.

खॅझॅर.
म्हणजे त्यांच्याकडचा समुद्र.
पुण्यात सगळं आहे असं आम्ही मानतो,
तेवढा एक राहिला होता.

नवरा काळोखे, भोसरीचा वेल्डर.
बाकूला तेलाच्या फलाटावर सात वर्षं सांधे जोडले,
आता गल्ल्यावर बसतो
आणि बायको आत गेली की हळूच विचारतो,
"घरचा ठेचा आहे, देऊ?"
मी नको म्हणतो.
सौद्यात ठेचा नाही.

पहिल्या जेवणाला दोव्गा आला.
कढीची लांबची बहीण, हळदीशी अबोला धरलेली,
आणि अंगभर शेपू.
शेपू! जन्मभर ताटाच्या कडेला सारला,
आईचे धपाटे खाल्ले त्यापायी.
इथे मजुरीत मिळाला, टाकवेना.
वाटी पुसून खाल्ली.

मग एकदा दुश्बॅरॅ.
नखाएवढ्या मटणाच्या करंज्या, पातळ रश्शात.
"चमच्यात दहा मावल्या तर बाई सुगरण,"
काळोखे म्हणाला.
मी मोजल्या. सात.
बाई आतल्या दारातून बघत होत्या.
म्हटलं, दहा.
"खोटं," त्या म्हणाल्या, अगदी स्वच्छ मराठीत.
पहिला शिकलेला शब्द तोच असावा,
काळोख्याबरोबर संसार आहे.

जेवणानंतर कमरेत बारीक पेल्यात कोरा चहा,
साखर नाही, बशीत सासवडच्या अंजिरांचा पाक.
"म्युरॅब्बॅ," त्या म्हणाल्या.
"मुरंबा," मी म्हटलं,
"आमचा अमावास्येचा, तुमच्याला दोन चंद्र."
त्यांना कळलं नाही.
काळोख्यानं समजावलं, तर त्यालाही सांगता येईना.

नववं जेवण असेल.
गिऱ्हाईक कोणी नाही, पंखा कुरकुरतोय.
बाईंनी फोन लावला, बोलत बोलत बाहेर गेल्या
आणि तो वर धरला, बोर्डाकडे.
तिकडे कुणीतरी म्हातारं माणूस,
अक्षर न कळता बघत राहिलेलं.
बाईंनी बोट उंचावून एक चंद्र दाखवला,
मग दुसरा.
तिकडून हसू आलं, खोकल्यात मिसळलेलं.
मी आत पाठमोरा बसून कुताब खात होतो.
घास जरा वेळ तसाच राहिला गालात.
तीस वर्षं दुकानांची नावं रंगवली,
इतक्या लांबून कुणी वाचायला आलं नव्हतं.

बारावं जेवण झालं. हात धुतले. हिशेब संपला.

आता एक सांगतो, काळोख्याला कळू देऊ नका.
सौदा ठरला त्याच दिवशी
दुसऱ्या चंद्राच्या रंगात मी टर्पेंटाइन जास्त ओतलं होतं.
एक पावसाळा, फार तर दीड.
मग चंद्र उडेल, नुसतं खॅझर राहील,
बाई हाक मारतील, "उस्ता, या,"
आणि दुरुस्तीची निदान चार जेवणं.

दोन पावसाळे गेले.
पहिला चंद्र पार विटलाय,
इस्त्रीवाल्याच्या वाफेनं कडेला पोपडे धरलेत.
दुसरा आहे तसाच. पिवळाजर्द.
माझा कुठलाच रंग कधी इतका टिकला नव्हता.

काल शेवटी पाकीट घेऊन गेलो.
दार अर्धंच उघडलं.